«घरमा तं चालनं व्हतं, सर!» : मध्येच अडकणारी चेन कशी सोडवायची

विज्ञान प्रदर्शनाच्या सकाळी हे वाक्य, म्हणजे 'घरी तर चाललं होतं, सर!', कानावर पडलं नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. गेली बारा वर्षं आठवी-नववीची पोरं साखळी-यंत्रं बनवतात आणि मी ती दुरुस्त करतो. शेजारच्या शाळांतूनही फोन येतात, "सर, जरा येऊन जा ना, गोटी पुढं सरकतच नाही." यंत्र तुम्हाला माहीतच असेल. गोटी सोडायची, ती घरंगळत जाऊन ठोकळे पाडते, शेवटचा ठोकळा दोरी ओढतो, दोरीनं वजन सुटतं, आणि पंधरा-वीस पायऱ्यांनी एक घंटी वाजते किंवा झेंडा वर जातो. पोरं याला 'चेन' म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आधी लक्षणं बघा. आपली चेन कुठल्या प्रकारात बसते ते ठरल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

दर वेळी त्याच जागी थांबते. हे सगळ्यात चांगलं लक्षण. दोष एका जागी आहे, अर्ध्या तासात सापडेल.

दर वेळी वेगळ्या जागी थांबते. मग दोष बहुतेक चेनमध्ये नाही, तिच्याखाली किंवा वर आहे. टेबल, फरशी, पंखा.

पहिल्यांदा चालते, दुसऱ्यांदा नाही. यंत्र ठीक आहे, तुमची पुन्हा मांडायची पद्धत चुकते.

कोणी हात न लावता आपोआप सुटते. कुठला तरी खटका अगदी काठावर उभा आहे.

थांबते, आणि आपण "हात् तेरी" म्हणून वळलो की मागून सुरू होते. दोरी किंवा टेप हळूहळू ताणली जाते आहे.

सगळं व्यवस्थित होतं, फक्त शेवटची मोटर फिरत नाही. ते प्रकरण वेगळं, खाली शेवटी घेतलंय.

आणि सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे पाचातून चार वेळा चालते. अशा चेनला कोणी आजारी मानत नाही, आणि पाचवी वेळ बरोबर परीक्षक समोर असताना येते.

फुकटची तपासणी: हात मागं बांधा

चेन थांबली की पोरांचा हात आधी पुढं जातो. बोटानं गोटी ढकलली, चेन पुढं गेली, टाळ्या वाजल्या, आणि पुरावा गेला. म्हणून आमच्या वर्गात नियम आहे: थांबली की सगळे एक पाऊल मागं. कोणीतरी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करतच असतं, ते आधी बघायचं. मग थांबलेल्या जागी खडूनं खूण करायची आणि त्या जागेच्या एक पायरी मागं पाहायचं.

एक पायरी मागं, यावर मी अडून बसतो. चेन जिथं थांबलेली दिसते तिथं दोष असतोच असं नाही. ठोकळा पडला नाही म्हणून पोरं ठोकळा बदलतात, पण ठोकळ्यावर येणारी गोटीच अर्धमेली आलेली असते. दोष वस्तूत क्वचित असतो. एका वस्तूनं दुसरीला काम सोपवलं त्या सांध्यात तो असतो. मळणी यंत्रापासून ते रेल्वेच्या डब्यापर्यंत हेच आहे. भुसावळकडच्या पोरांना 'कपलिंग' म्हटलं की लगेच कळतं.

पंखा, फरशी, बेंच

पंखा बंद करा. हसू नका, दर वर्षी एक तरी चेन पंख्यानं बिघडते. पत्त्यांचे ठोकळे, कागदी पंखा, मेणबत्ती, फुगा यांतलं काहीही असेल तर छताचा पंखा आणि खिडकीतून येणारा वारा हा तुमचा आगंतुक सभासद आहे.

मग टेबल. घरी चेन एकाच पलंगावर नाहीतर ओट्यावर मांडलेली असते. शाळेत ती दोन बेंच जोडून मांडतात. बेंचचा वरचा फळा लिहायला सोपं जावं म्हणून बऱ्याचदा थोडा उतरता असतो, आणि खाली शहाबादी फरशी, तिची एक लादी वर तर एक खाली. घरी जिथं गोटी डावीकडं जात होती तिथं इथं ती विचारात पडते.

सपाटी बघायला गवंड्याची पाणसळ कुणाकडं मागत बसू नका. पारदर्शक नळीचा दोन मीटरचा तुकडा घ्या, त्यात रंगीत पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि दोन टोकं टेबलाच्या दोन कडांना धरा. पाण्याची पातळी दोन्हीकडं एकच असते, टेबलाची नसली तर लगेच दिसतं. जो पाय अधर असेल त्याखाली पुठ्ठ्याची पाचर. घडी घातलेला कागद नको, तो दबत जातो आणि तासाभरात टेबल पुन्हा डुलतं.

वेगवेगळ्या जागी थांबणाऱ्या चेनपैकी निम्म्या तरी इथंच चालू होतात. तुमची चालू झाली तर बाकीचं वाचायला घाई नाही.

पुसा, पण पावडर जपून

गोटी आणि तिची वाट कोरड्या सुती फडक्यानं पुसा. दहा पोरांनी घामेजल्या हातांनी गोटी हाताळली की तिच्यावर थर बसतो, त्याला धूळ चिकटते. हे सोपं आहे. गडबड होते ती कॅरमच्या पावडरमुळे. कुणीतरी हुशारी करून सगळीकडं पावडर भुरभुरवतं. गोटीला वाटेवर घसरायचं नसतं, घरंगळायचं असतं, त्यामुळे तिथं पावडरचा फारसा उपयोग नाही. आणि ठोकळ्यांखाली तर पावडर म्हणजे घातच. उभा ठोकळा पडायला त्याचा पाय जागेवर रोवलेला लागतो. पाय घसरला की ठोकळा पुढं पडण्याऐवजी बुडातून मागं सटकतो आणि पुढच्याला नुसता टेकून उभा राहतो. सनमायकाच्या गुळगुळीत टेबलावर पावडरशिवायही हे होतं. उपाय दोन रुपयांचा आहे: ठोकळ्यांच्या रांगेखाली खडबडीत बाजू वर करून पॉलिश पेपर लावा, नाहीतर जुन्या सायकल ट्यूबची पट्टी.

वाटेच्या आत काय आहे?

खान्देशात शाळेच्या यंत्रात ठिबकची नळी नाही असं होत नाही. केळीच्या आणि कपाशीच्या प्रत्येक शेतात जुन्या नळ्यांचं वेटोळं पडलेलं असतं, त्यामुळे ती फुकट. पण ती गोटीसाठी नाही. साधी काचेची गोटी साधारण १६ मिमीची, आणि १६ मिमीची ठिबकनळी म्हणजे बाहेरून १६. आत गोटी जाणारच नाही. म्हणून पोरं सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे वापरतात.

तीन वर्षांपूर्वी एका शाळेत मी याच नळीपुढं पाऊण तास बसलो होतो. छर्रा आत टाकला की कधी बाहेर यायचा, कधी नाही. नळी काळी, आत काही दिसेना. मी उतार वाढवला, नळी धुतली, आत फुंकर मारली. छर्रा पुन्हा मध्येच गप्प. शेजारी उभी असलेली आठवीतली एक मुलगी बराच वेळ बघत होती. तिनं नळी हातात घेतली, अंगठ्यानं चेपत चेपत पुढं सरकली, एका जागी थांबली आणि म्हणाली, "सर, ही इनलाइन आहे. प्लेन पाहिजे." खरंच होतं. इनलाइन नळीत ठरावीक अंतरावर ड्रिपर आतच बसवलेला असतो, त्या जागी आतला रस्ता अरुंद. पाण्याला चालतं, छर्र्याला नाही. तिच्या घरी पपईची बाग होती. मी फिजिक्सचा पदवीधर.

तेव्हा नळी वापरायची तर प्लेन, आणि रोलमधून कापली असेल तर एक दिवस उन्हात सरळ बांधून ठेवा, तिचं वेटोळ्याचं वळण जात नाही तोवर छर्रा वळणावर घासून वेग गमावतो. गोटीसाठी सगळ्यात चांगली वाट म्हणजे वायरिंगची केसिंग पट्टी, झाकण काढून. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, दोन्ही बाजूंना कड असते, आणि मुख्य म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. पीव्हीसी पाइप वापरणार असाल तर २० मिमीचा नको, त्यात गोटी अडून बसते. २५ किंवा ३२ मिमीचा घेऊन उभा चिरून घ्या. चिरल्यावर कडेला जो भुसा-बुरा राहतो तो पॉलिश पेपरनं घासा. गोटी थांबवायला तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा पुरतो.

आणखी एक. छर्रा लोखंडाचा, म्हणून दणकट वाटतो. पण सव्वासहा मिमीचा सायकलचा छर्रा जेमतेम १ ग्रॅम भरतो आणि काचेची गोटी ५ ग्रॅमच्या आसपास. गोटीच्या जागी छर्रा आणलात तर त्याच उंचीवरून पाचवा हिस्सा ऊर्जा हाती येणार, हे धरून पुढची पायरी हलकी करा.

ठोकळे

अंतर ठोकळ्याच्या उंचीच्या एक तृतीयांश ते निम्मं ठेवा. फार जवळ ठेवले तर पडणाऱ्याला वेग घ्यायला जागा मिळत नाही. उंचीएवढं अंतर ठेवलं तर तो पुढच्याच्या पायथ्याशी जाऊन आपटतो, आणि पायथ्याशी ढकलून कुणी पडत नाही. काडेपेट्या टाळा, फार हलक्या आणि बाहेर फुगलेल्या असतात. सुताराकडं सागाच्या नाहीतर प्लायच्या कातरणीचे एकसारखे तुकडे मागा, तो चहाच्या पैशांत देतो.

मांडताना दर पंधरा ठोकळ्यांमागं तीन-चार काढून ठेवा आणि अगदी शेवटी लावा. नाहीतर एकाचा कोपर लागतो आणि तासाभराचं काम तीन सेकंदांत झोपतं. हे सांगूनही कुणी ऐकत नाही. एकदा झोपल्यावर मात्र ऐकतात.

लहान ठोकळ्यानं मोठा पाडायचा असेल तर एकदम उडी घेऊ नका. कॅनडातले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्न व्हाइटहेड यांनी १९८३ मध्ये दाखवलं होतं की एक ठोकळा आपल्या दीडपट मोठा ठोकळा पाडू शकतो. म्हणजे ४ सेंमीपासून सुरुवात केली तर पुढचे ६, ९, साडेतेरा आणि २०. पाच ठोकळ्यांत बोटाएवढ्यापासून वहीएवढ्यापर्यंत. मात्र दीडपट ही चांगल्या, एकसारख्या ठोकळ्यांची हद्द धरा. शाळेच्या बेंचवर मी सव्वापटीच्या पुढं जात नाही.

ऊर्जा आहे, मग पडत का नाही?

इथं जरा बसून वाचा, कारण 'त्याच जागी थांबते' या लक्षणाचं उत्तर बहुतेक इथंच आहे. आणि पोरांशी माझा सगळ्यात जास्त वादही इथंच होतो.

नववीच्या पुस्तकात 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा असतो. तो शिकलेला हुशार मुलगा गणित मांडून आणतो. गोटी ५ ग्रॅम, उंची २० सेंमी, म्हणजे स्थितिज ऊर्जा सुमारे ०.०१ ज्यूल. पाडायचं आहे ४०० ग्रॅमचं जाड पुस्तक, २० सेंमी उंच, २ सेंमी रुंद. ते कडेवर तोलायला त्याचा गुरुत्वमध्य फक्त अर्धा मिलिमीटर वर उचलावा लागतो, म्हणजे ०.००२ ज्यूल. "सर, पाचपट ऊर्जा आहे. तरी पुस्तक हलत नाही. गणित चुकलं का?"

गणित बरोबर आहे, सांधा चुकलाय. घरंगळणाऱ्या गोटीच्या ऊर्जेतला दोन सप्तमांश वाटा तिच्या स्वतःभोवती फिरण्यात अडकलेला असतो, तो टक्करीत फारसा उपयोगी पडत नाही. उरलेल्याचं काय होतं? हलकी वस्तू जड वस्तूवर आपटली की बहुतेक ऊर्जा घेऊन परत उसळते. भिंतीवर टप्पा मारलेला चेंडू भिंतीला काय देतो? गोटी पुस्तकाच्या अगदी वरच्या कडेला लागली आणि टक्कर पूर्ण उसळती धरली तरी हिशेबानं पुस्तकाला मिळतात सुमारे ०.००१ ज्यूल. लागतात ०.००२. आणि केसिंग पट्टीतून येणारी गोटी वरच्या कडेला नाही, बुडाशी लागते. पुस्तक थोडं शहारतं, बस्स.

यावर पोरांचा उपाय ठरलेला: उतार वाढवा. उंची ४० सेंमी केली की कधी पडतं, कधी नाही. पाचातून चार वेळांवाली चेन अशीच जन्माला येते.

खरा उपाय म्हणजे लहान वस्तूला मोठी ढकलायला लावू नका, सुटायला लावा. पुस्तक आधीच तिरकं करून ठेवा आणि एका काडीवर टेकवा. गोटीनं फक्त काडी पाडायची. पुस्तक पाडायची ऊर्जा पुस्तकातच भरून ठेवलेली आहे, ती तुम्ही मांडताना तुमच्या हातानं भरलीत. उंदराचा पिंजरा असाच असतो. उंदीर दार ओढत नाही, तो खटका हलवतो, दार स्प्रिंग ओढते. मी ज्या-ज्या चेन सोडवल्या त्यांत सगळ्यात जास्त वेळा केलेला बदल हाच, ढकलणं काढून खटका बसवणं.

खटका किती नाजूक ठेवायचा याला माझी देशी कसोटी आहे. खटका लावा आणि टेबलावर शेजारी मूठ आपटा. सुटला तर फार नाजूक, पोरगं धावत गेलं तरी सुटेल. मग फुंकर मारा, तरी सुटायला नको. नंतर गोटी नेहमीच्या निम्म्या उंचीवरून सोडा. तरीही सुटला तर पक्का. निम्म्या जोरात काम होत असेल तर पूर्ण जोरात दगा देणार नाही.

दोरी, टेप, गोंद

थांबून मागाहून सुरू होणाऱ्या चेनला इथं बघा. सुतळी हवेतली ओल धरते आणि तिची लांबी बदलत राहते, सुती दोऱ्याचंही तेच. तंगूस, म्हणजे मासे धरायची दोरी, वापरा. नायलॉन मांजा आणू नका, त्यावर बंदी आहे आणि बोटं कापतात. गाठीवर फेव्हिक्विकचा एक थेंब टाकला की ती सरकत नाही.

कप्पी म्हणून दोऱ्याची रिकामी रिळं छान, पण ज्या खिळ्यावर रीळ फिरतं तो गंजका नको. दोरी कप्पीवरून सरळ रेषेत यायला हवी, तिरकी आली की कडेला घासते आणि निम्मं वजन घासण्यातच जातं.

दुहेरी टेप आणि ग्लू गन यांवर माझा भरवसा नाही. ग्लू गनची कांडी उष्णतेनं वितळते म्हणूनच चिकटते, तेव्हा बंद टेम्पोत दोन तास उन्हात उभी राहिलेली चेन उतरवून बघा. आपल्याकडचं ऊन सांगायला नको. जिथं वजन लटकतं तिथं स्क्रू, नाहीतर नट-बोल्ट. बाकी कागद-पुठ्ठ्याला टेप चालेल.

रबरबँडबद्दल एवढंच: रात्रभर ताणून ठेवू नका. सकाळी त्याचा जोर कमी झालेला असतो आणि तुम्ही दोष खटक्याला देता.

दुसऱ्यांदा का चालत नाही

कारण दुसऱ्यांदा मांडणारा वेगळा असतो. एक मुलगा ठोकळे ओळीत लावतो, दुसरा मनात येईल तसे. टेबलावर ठोकळ्यांच्या पायाचे आकार पेन्सिलनं आखून घ्या. प्रत्येक पायरी तयार असतानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. वजनासाठी पाण्याची बाटली नको, कधी पाऊण तर कधी पूर्ण भरली जाते. नाणी मोजून पिशवीत घाला, किंवा हरभरे तराजूवर तोलून पिशवीचं तोंड शिवून टाका. एका शाळेत तुरीची डाळ वापरली होती, दुसऱ्या दिवशी पिशवी हलकी आणि आसपास उंदराच्या लेंड्या. यंत्रात उंदराच्या पिंजऱ्याची पायरीसुद्धा होती, पण ती वेगळ्या कामाला लावलेली.

मोटर फिरत नाही, दिवा मिणमिणतो

आता पैशाचं काम. आधी सेल बदला, पण नवे सेलसुद्धा दुकानात वर्षभर पडून असू शकतात. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर शाळेत असावाच. मोजताना एक चूक सगळे करतात. नुसत्या सेलला मीटर लावतात, दीड व्होल्ट दिसतात, सेल चांगला म्हणून शिक्का. मोटर जोडून, चालू करून मोजा. ओझं आल्यावर आकडा एकदम कोसळत असेल तर तो सेल संपलाय. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरसाठी घेऊ नका. आकडा मोठा, पण आतला रोध जास्त असल्यानं मोटरला सुरू व्हायला लागणारा प्रवाह ती देऊ शकत नाही. खेळण्यातल्या मोटरला दोन पेन्सिल सेल त्यापेक्षा बरे.

सेल ठीक असेल तर स्विच बघा. पोरं चॉकलेटची चांदी पुठ्ठ्यावर चिकटवून स्विच करतात. दाब कमी पडला, चांदीला चुणी पडली, मध्ये गोंद आला की संपर्क नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात लिमिट स्विच (पट्टी दाबली की जोडला जाणारा तयार स्विच) मिळतो, तो लावा, पुन्हा त्याचं नाव काढावं लागणार नाही. शाळेत सरकारी योजनेतली अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथल्या खोक्यात दोन-चार निघतील.

सगळ्यात अवघड उपाय: पायऱ्या काढा

अवघड, कारण मन होत नाही. पण हा हिशेब फळ्यावर मांडून बघा. एक पायरी दहातून नऊ वेळा चालते. अशा दहा पायऱ्या ओळीनं लावल्या तर पूर्ण चेन शंभरातून ३५ वेळा पार पडते. शंभरात ९५ वेळा चालणाऱ्या वीस पायऱ्या लावल्या तरी ३६. म्हणजे प्रत्येक पायरी पासच नाही तर मेरिटमध्ये आली, आणि चेन मात्र तीनात दोनदा नापास. ९९ वेळा चालणाऱ्या वीस पायऱ्यांची चेन ८२ वेळा जाते.

म्हणून प्रत्येक सांधा एकट्यानं, बाकीची चेन न लावता, ओळीनं दहा वेळा चालवून बघायचा. नवव्या वेळी अडकला तर मोजणी पुन्हा एकपासून. जो सांधा तीन दिवसांत दहाचा आकडा गाठत नाही तो काढून टाकायचा, कितीही सुंदर असला तरी. मागच्या वर्षी एका गटानं फुग्याची रॉकेट काढून टाकली तेव्हा दोघं माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

ज्याच्या नावानं जगभर ही यंत्रं ओळखली जातात तो रूब गोल्डबर्ग (१८८३ ते १९७०) शिकला होता इंजिनिअरिंग, आणि पोट भरलं व्यंगचित्रांवर. त्याची यंत्रं कागदावर होती, त्यामुळे कधी अडकली नाहीत. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९४९ पासून विद्यार्थ्यांनी तशी यंत्रं खरोखर बांधायच्या स्पर्धा सुरू केल्या, आणि माझा अंदाज, त्याच दिवशी कुणीतरी त्यांच्या भाषेत 'घरमा तं चालनं व्हतं' म्हणालं असणार.

कुठं थांबायचं

वर लिहिलेलं सगळं आठवीतल्या पोरांनी आणि शिक्षकानं मिळून करण्यासारखं आहे. पुढच्या गोष्टी नाहीत.

भिंतीतल्या प्लगची २३० व्होल्टची वीज चेनमध्ये कुठंही येत असेल, पंखा, मिक्सर, बल्ब, रिले काहीही, तर हात काढा आणि वायरमनला बोलवा. "फक्त एक वायर सुटलीय" असं असलं तरीही. त्याहून चांगलं म्हणजे ती पायरीच सेलवर आणा. मी स्वतः मोटर रिवाइंडिंग करू शकतो, तरी शाळेच्या टेबलावर घरगुती वीज येऊ देत नाही.

मोबाईलच्या जुन्या बॅटऱ्या, पॉवर बँकेतले सेल उघडून वापरलेले दिसले तर तिथंच काम बंद. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.

लोखंडी सांगाडा डुगडुगत असेल तर टेपनं बांधत बसू नका, फॅब्रिकेशनवाल्याकडं न्या. वेल्डिंगचे दोन टाके मारायला त्याला दहा मिनिटं लागतात. बोर्डाचा प्लाय वाकला असेल तर सुतार. वाकलेल्या प्लायवर तुम्ही कितीही पाचरी लावल्या तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आपल्या मनाप्रमाणे वागतो.

डोक्याच्या उंचीवर दोन किलोपेक्षा जड काही लटकत असेल तर ते खाली उतरवा, त्यासाठी कुणाला बोलवायची गरज नाही. मोटारसायकलच्या शॉकअपची स्प्रिंग, फटाके, पेट्रोल, ॲसिड यांच्या पायऱ्या दुरुस्त करायच्या नसतात, काढायच्या असतात. यावर माझ्याशी वाद घालायला बरेच पालक आले, एक जण तर स्वतः गॅरेजवाले होते. "सर, मी उभा राहतो ना शेजारी." स्प्रिंग मी त्यांच्याच हातात परत दिली.

आणि शेवटचा थांबा घड्याळाचा. परीक्षक यायला पाऊण तास उरला की कुणीही काहीही सुधारायचं नाही. चेन दहातून आठ वेळा चालत असेल तर आठवर राहू द्या. त्या पाऊण तासात फक्त टेबल पुसायचं, पेन्सिलच्या खुणांवर ठोकळे तपासायचे, राखीव गोटी खिशात ठेवायची. आणि पंखा बंद आहे ना ते पुन्हा एकदा बघायचं, कारण तेवढ्यात पाहुण्यांना उकडतंय म्हणून कुणीतरी तो लावलेला असतो.